महाराजांनी पैसा कुठे पेरला : सयाजीराव, कलाभवन आणि बडोद्याचे कारखाने

दरवर्षी ११ मार्च जवळ आला की आपल्या घराघरांत महाराजांची आठवण निघते. मुलांना आपण सक्तीच्या शिक्षणाबद्दल सांगतो, गावोगावच्या ग्रंथालयांबद्दल सांगतो, १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला दिलेल्या शिष्यवृत्तीबद्दल सांगतो. हे सगळे सांगायलाच हवे. पण महाराजांच्या कामाची एक बाजू आपल्याकडून मागे राहते, असे आम्हांला वाटते. संस्थानच्या तिजोरीतला पैसा त्यांनी प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत, कारागिरांच्या शिक्षणात आणि नव्या धंद्यांत घातला. त्यातले काही उगवले, काही वाया गेले. आजच्या भाषेत बोलायचे तर संशोधक आणि उद्योजक यांना एकत्र आणण्यासाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, या प्रश्नाला त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी बडोद्यात हात घातला होता. या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्या अंगाने सांगणार आहोत.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे महाराजांचे जन्मगाव. ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी ते जन्मले. नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे आणि शेतीवर जगणारे. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून तिघे भाऊ बडोद्यास आणले गेले : आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. निवड गोपाळरावांची झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले. तेव्हा वय बारा, आणि लिहितावाचता जवळजवळ काहीच येत नव्हते.

पुढची सहा वर्षे शिकण्यात गेली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची विस्कटलेली घडी बसवली, तर एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाने मुलाला शिकवले. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. उशिरा अक्षरओळख झालेल्या माणसाला शिक्षणाची किंमत जास्त कळते, असे आपण म्हणतो. महाराजांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर आहे. शेतकऱ्याच्या घरातून आल्यामुळे पावसाने दगा दिला की घराचे काय होते, हे त्यांनी लहानपणी जवळून पाहिलेले असणार.

सरकारी गिरणी आणि साखरेचा कारखाना

सुरुवातीला महाराजांनी सरळ वाट धरली. लोकांना धंद्यात पैसा घालायची भीती वाटते ना, मग सरकारने स्वतःच कारखाना काढून दाखवावा. बडोद्यात सरकारी खर्चाने कापडाची गिरणी उभी राहिली आणि गणदेवीस साखरेचा कारखाना निघाला. गणदेवी म्हणजे उसाचा मुलूख, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. तरी साखरेचा कारखाना टिकला नाही. गिरणी मात्र चालली, तिच्यामागून खाजगी गिरण्याही निघाल्या, आणि पुढे संस्थानने ती खाजगी मालकांना विकून टाकली.

या दोन अनुभवांतून निघणारा धडा आपल्याला आज सोपा वाटतो. कारखाना चालवणे हे कारभाऱ्याचे काम नव्हे. त्याला यंत्र जाणणारा माणूस लागतो, मालाची पारख असलेला लागतो, आणि नफ्यातोट्याची झळ स्वतःला लागणारा मालक लागतो. आणि तोटा झाला तर तो कुणाचा? संस्थानच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतसाऱ्याचा होता. गणदेवीत बुडालेला रुपया कुठल्या तरी कुणब्याच्या शेतातून आलेला होता. सरकारी पैशाने धंद्याला हात द्यायचा म्हटले की हा प्रश्न येतोच, आणि तो आजही सुटलेला नाही.

प्राध्यापक गज्जर आणि कलाभवन

याच काळात बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आले. जन्म सुरतेचा, साल महाराजांचेच, म्हणजे १८६३. सुतारकाम आणि बांधकाम यांची परंपरा असलेले घर. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला हा माणूस वर्गात सूत्रे शिकवून थांबणारा नव्हता. आपल्या देशातले रंगारी, विणकर, सुतार आणि लोहार यांच्या हातात कसब आहे, पण नवे शास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ही त्यांची खंत होती. त्यातही रंगाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट. १८६९ साली जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत निघाली आणि पाहता पाहता बाजार परदेशी रंगांनी भरून गेला. नवा रंग कापडावर पक्का कसा बसवायचा हे आपल्या रंगाऱ्याला कुणी शिकवत नव्हते.

कारागिरांसाठी शास्त्राची शाळा काढावी ही गज्जरांची योजना महाराजांनी उचलून धरली, आणि १८९० साली कलाभवन सुरू झाले. रंगकाम आणि छपाई, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम, वास्तुकला, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात. शिकवणे देशी भाषेत, म्हणजे इंग्रजी न येणारा मुलगाही तिथे शिकू शके. त्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून संस्थानच्या खर्चाने ती लिहवून घेतली गेली. सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला त्यातूनच निघाली. रंगकाम आणि विणकाम शिकवायला जर्मन तज्ज्ञ बोलावले. ज्या देशाच्या रंगांनी आपले रंगारी मागे पडले होते, त्याच देशातून शिकवणारे आणण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही.

कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत नाशिककडचा एक मराठी तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला आणि फोटोग्राफीचे धडे त्याने इथे घेतले, आणि १९१३ साली त्याने काढलेला 'राजा हरिश्चंद्र' सगळ्या देशाने पाहिला. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्यात शिकले, हे आपल्या मुलांना किती वेळा सांगितले जाते, याचा आपणच विचार करावा.

मात्र कलाभवनाची सगळी कहाणी गोड नाही. १८९६ च्या सुमारास गज्जर बडोदे सोडून मुंबईला गेले. संस्थानच्या काही अधिकाऱ्यांशी त्यांचे पटले नव्हते. इमारत राहिली, वर्ग चालू राहिले, पण प्रयोगशाळेतून बाजाराकडे पाहणारी नजर त्यांच्याबरोबर गेली. शिकून बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांनी स्वतःचा धंदा काढण्यापेक्षा नोकरी पत्करली. पैसा मंजूर करणे एकवेळ सोपे असते. पैशाचे सोने करणारा माणूस दप्तराच्या कारभारात टिकवून धरणे त्याहून अवघड, आणि हे महाराजांनाही प्रत्येक वेळी जमले नाही.

गज्जरांचे नाव मुंबईतही झाले. गिरगावात त्यांनी स्वतःची रसायनशाळा काढली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले होते (ते आपणच फासल्याचे पुढे दामोदर चापेकरांनी सांगितले). ते डाग भल्याभल्यांना निघेनात, ते गज्जरांनी काढले.

छपन्नचा दुष्काळ

१८९९ साली पाऊस आलाच नाही. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. आपल्या जुन्या बडोदेकर घरांतही हा शब्द ऐकू येत असे. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेएकोणीस लाख भरली. दुष्काळ, त्यामागून आलेले रोग आणि परागंदा झालेली माणसे, सगळे या एका आकड्यात आले.

१९०२ च्या डिसेंबरात अहमदाबादेस काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन महाराजांनी केले. एका संस्थानिकाने तिथे जाणे हीच मोठी गोष्ट होती. सगळा देश एका शेतीवर विसंबून राहिला तर दुष्काळ हटणार नाही, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत आणि त्यासाठी शिक्षण व शास्त्र हवे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. स्वतःच्या संस्थानात फसलेले प्रयोगही त्यांनी लपवले नाहीत.

प्रयोगशाळा, बँक आणि समुद्र

यानंतरच्या वर्षांत वाट बदललेली दिसते. सरकारने कारखानदार होण्यापेक्षा कारखानदाराला जे एकट्याने जमत नाही ते पुरवावे, असा विचार त्यामागे दिसतो. एकट्याला काय जमत नाही? जमिनीच्या पोटात आणि समुद्राच्या तळाशी काय आहे हे शोधणे, माणसे शिकवणे, रस्ते, रेल्वे आणि बंदर बांधणे, भांडवल उभे करणे.

संस्थानच्या भूगर्भाची पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट या नामांकित भूशास्त्रज्ञाने संस्थानच्या नोकरीत राहून केली. त्याचा अहवाल १८९८ साली छापला गेला. द्वारकेच्या बाजूचा ओखामंडळ हा गायकवाडी मुलूख. तिथल्या समुद्रातले शिंपले, मोती आणि मासळी यांची पाहणी करायला जेम्स हॉर्नेल हा सागरी जीवांचा अभ्यासक बोलावला गेला आणि त्याचा अहवाल संस्थानने प्रसिद्ध केला. अशा पाहणीला खर्च पुष्कळ येतो आणि फायदा कधी होईल याचा भरवसा नसतो. कुठलाही व्यापारी हा खर्च एकट्याने अंगावर घेणार नाही. ती जागा सरकारची.

१९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स निघाले. त्यामागे गज्जर होते, त्यांचे शिष्य कोटिभास्कर होते आणि भाईलालभाई अमीन होते. महाराजांनी ज्या प्राध्यापकाला आणि ज्या शिक्षणाला पैसा दिला होता, तो सतरा-अठरा वर्षांनी असा कारखान्याच्या रूपाने परत आला. गज्जर नोकरी सोडून गेले होते, पण बडोद्याशी नाते तुटले नव्हते. अलेम्बिकचे नाव आज बडोद्यात कुणाला माहीत नाही?

पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, बँक ऑफ बडोदा सुरू झाली. महाराजांचे धाकटे बंधू संपतराव, म्हणजे कवळाण्याहून सोबत आलेल्या तिघांपैकी एक, तिच्या स्थापनेत होते. त्यांच्याबरोबर सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास यांच्यासारखे व्यापारी आणि व्हिटेनॅक हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते. राजघराणे, व्यापारी आणि अभ्यासक एका टेबलाभोवती बसले, तेव्हा ही बँक झाली.

ओखामंडळाचे पीक सर्वांत उशिरा हाती आले. १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झाले. कपिलराम वकील या रसायनतज्ज्ञाने त्या किनाऱ्यावर मिठाचा कारखाना काढला, त्याला संस्थानचा पाठिंबा होता. मिठापासून सोडा अ‍ॅश करावी ही पुढची पायरी. काच, साबण आणि कापड या सगळ्यांना ती लागते, आणि तोवर ती परदेशांतून येत असे. १९३९ च्या जानेवारीत टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि तिचा कारखाना तिथेच, मिठापूरला, उभा राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, मुंबईत महाराजांनी देह ठेवला. मिठापूरची भरभराट त्यांना पाहायला मिळाली नाही.

आपल्यासाठी काय

आपली बहुतेक घराणी बडोद्यात आली ती दप्तरात, फौजेत, शाळांत नोकरी करायला. नोकरीने आपल्याला घर दिले, मान दिला, आणि नोकरीची सवयही दिली. महाराजांना मात्र कारकुनाइतकाच कारागीर हवा होता, आणि कारागिराला शास्त्र शिकवणारा प्राध्यापकही हवा होता. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रज्ञान शाखेत नांदते आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे तिथूनच इंजिनिअर झाली.

महाराजांच्या हिशेबाच्या वहीत तोट्याची पाने आहेत, हे आपण मान्य करायला हवे. गणदेवीचा कारखाना बुडाला, गज्जरांसारखा माणूस हातचा गेला, आणि ज्यांच्या साऱ्यातून हे सगळे झाले त्या शेतकऱ्यापर्यंत फळ पोहोचायला फार उशीर लागला. पण दप्तरातला खर्च त्याच वर्षी वसूल झाला पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला असता, तर कलाभवन उभे राहिले नसते, आणि कदाचित अलेम्बिकही नसते.

या ११ मार्चला काळ्या घोड्यापाशी, म्हणजे महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, फुले वाहायला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. तिथून पुढे कलाभवनाची इमारतही दाखवा, आणि फाळके व गज्जर यांची नावे सांगा.