मेंदूच्या लहरी टिपणारा डॉक्टर

लष्करी सेवेत असताना तरुण हान्स बर्गर घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून ख्यालीखुशाली विचारणारी तार आली; दूर असलेल्या बहिणीला म्हणे संकटाची चाहूल लागली होती! योगायोगच असावा. पण २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळ जन्मलेल्या या युवकाने त्यानंतर वैद्यकाची वाट धरली.

येना येथील मनोरुग्णालयाचे ते १९१९ मध्ये प्रमुख झाले. शस्त्रक्रियेमुळे कवटीत पोकळी राहिलेल्या रुग्णांच्या मेंदूला ते सौम्य विद्युतप्रवाहाने उद्दीपित करीत. १९२४ मध्ये त्यांनी क्रम उलटा केला : प्रवाह देण्याऐवजी मेंदूतून येणारा प्रवाह मोजायचा. परंतु तो संकेत व्होल्टच्या लाखाव्या भागांत मोजण्याइतका क्षीण! प्रारंभी अॅम्प्लिफायर नव्हता, होता केवळ गॅल्व्हानोमीटर. दिसणारी लहर हृदयाची, स्नायूंची की मेंदूची, ही शंका फेडण्यात पाच वर्षे गेली. मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरही त्यांनी अनेक नोंदी घेतल्या. सेकंदाला सुमारे दहा वेळा उमटणारी आणि डोळे उघडताच विरणारी ‘अल्फा’ लहर १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली, तरी अनेकांचा विश्वास बसेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरने तिला दुजोरा दिला. उद्दीपन चालू असतानाच मेंदूचे संकेत टिपू पाहणाऱ्या आजच्या अभियंत्यांनाही हाच गोंगाट छळतो. त्यात उद्दीपनाचा प्रवाह संकेतापेक्षा हजारो पटींनी प्रबळ.

नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निवाडे करणाऱ्या न्यायासनावर बर्गर बसले, हेही नोंदवायला हवे. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी येना येथे जीवनयात्रा संपवली.