विश्लेषण : भेट आलेला कवितासंग्रह, एक खासगी पत्र आणि वाद... वॉल्ट व्हिटमन प्रकाशात कसे आले?

वॉल्ट व्हिटमन हे आज अमेरिकेच्या सर्वात मोठ्या कवींपैकी एक मानले जातात. पण १८५५ मध्ये त्यांना कवी म्हणून फारसं कुणी ओळखत नव्हतं. हे चित्र बदलण्यात एका पत्राचा मोठा वाटा आहे.

कोण होते व्हिटमन?

जन्म ३१ मे १८१९, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे अकराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे त्यांनी छापखान्यात काम केलं, शिक्षकी केली, वर्तमानपत्रं चालवली, सुतारकामही केलं. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी स्वतःच्या खर्चानं ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा संग्रह छापला. त्यात १२ कविता होत्या आणि प्रती ८००च्या आत. काही पानांचे खिळे तर त्यांनी स्वतः जुळवले. मुखपृष्ठावर कवीचं नावच नव्हतं!

पुस्तक कुणाला पाठवलं?

कॉन्कॉर्डला राहणारे राल्फ वाल्डो इमर्सन हे तेव्हाचे नावाजलेले विचारवंत आणि कवी. अमेरिकेला स्वतःचा कवी हवा, असं त्यांनी १८४४ मध्येच एका निबंधात मांडलं होतं. व्हिटमन यांनी त्यांना एक प्रत भेट पाठवली. यमक नाही, ठरलेलं वृत्त नाही, शरीराबद्दल मोकळेपणानं लिहिलेलं, असं ते पुस्तक होतं. तरीही इमर्सन भारावून गेले. २१ जुलै १८५५ रोजी त्यांनी या अनोळखी कवीला मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं.

वाद कशावरून झाला?

हे पत्र खासगी होतं. ऑक्टोबरमध्ये ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापून आलं. १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर व्हिटमन यांनी पत्रातलं एक वाक्य इमर्सन यांच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं. परवानगी घेतली नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर, खासगी मेसेजचा स्क्रीनशॉट जाहिरातीत वापरण्यासारखंच हे.

मग संबंध तुटले का?

नाही. इमर्सन यांना हा प्रकार रुचला नाही, पण त्यांनी व्हिटमन यांना तोडलं नाही. १८६० मध्ये बोस्टनमध्ये दोघं बराच वेळ फिरले. स्त्री-पुरुष संबंधांवरच्या कविता नव्या आवृत्तीतून वगळा, असा इमर्सन यांचा आग्रह होता. त्यांचे मुद्दे व्हिटमन यांना खोडता आले नाहीत. तरीही त्यांनी कविता वगळल्या नाहीत. त्यानंतर दोघं सोबत जेवले. १८६३ मध्ये व्हिटमन यांना सरकारी नोकरी मिळावी म्हणून इमर्सन यांनी शिफारसपत्रंही दिली.

पुढे काय झालं?

१८७४ मध्ये इमर्सन यांनी आवडत्या कवितांचं संकलन काढलं, त्यात व्हिटमन यांची एकही कविता नव्हती. इमर्सन १८८२ मध्ये गेले. व्हिटमन २६ मार्च १८९२ पर्यंत जगले आणि अखेरपर्यंत तेच एक पुस्तक वाढवत राहिले. १२ कवितांच्या त्या संग्रहात शेवटी सुमारे ४०० कविता होत्या.