कोकणचे गांधी

रत्नागिरीच्या तुरुंगातील एका राजबंद्याने 1932 साली अधिकाऱ्यांकडे एक विलक्षण मागणी केली. त्याला चांगले अन्न नको होते, की कष्टांतून सूटही नको होती. तुरुंगातील मैला साफ करण्याचे काम आपणांस द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. हे राजबंदी म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन.

अप्पासाहेबांचा जन्म 1894 साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. ते अत्यंत बुद्धिमान होते. उच्च शिक्षण संपवून ते पुण्यास प्राध्यापक झाले. सुखाचा व मानाचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. परंतु महात्मा गांधींच्या विचारांनी त्यांचे मन वेधून घेतले आणि नोकरी सोडून त्यांनी देशसेवेचे व्रत पत्करले. गांधीजींची आत्मकथा त्यांनी मराठीत आणली. 1930 साली शिरोड्यास झालेल्या मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते.

त्या काळी मैला उचलण्याचे काम काही विशिष्ट जातींवरच लादलेले असे. ज्यांच्या श्रमांनी गाव स्वच्छ राही, त्यांनाच गाव अस्पृश्य लेखी. तुरुंगातही हाच भेद होता. उच्च जातीत जन्मलेल्या अप्पासाहेबांना हे काम देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. तेव्हा अप्पासाहेबांनी आपला आहार कमी केला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना कळली. 3 डिसेंबर रोजी त्यांनीही उपवास आरंभिला. अखेर सरकारला या नियमाचा फेरविचार करणे भाग पडले.

स्वराज्य मिळाले, तरी अप्पासाहेबांचे कार्य संपले नव्हते. 1948 साली त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन केला. खेड्यांत लोक उघड्यावर शौचास जात. कोकणातला मुसळधार पाऊस ती घाण ओढ्यांत व विहिरींत वाहून नेई. असे पाणी पिऊन पटकी, हगवण, विषमज्वर यांसारखे रोग पसरतात. शहरांतील भुयारी गटारे लहान खेड्यांना परवडणारी नव्हती. मग उपाय कोणता?

तो उपाय पायाखालच्या मातीतच होता. मैल्यात पाणी न मिसळता त्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकला, की दुर्गंधी नाहीशी होते व माशा बसत नाहीत. मातीतील सूक्ष्म जीव काही महिन्यांत त्याचे खत बनवितात. विहिरीचे पाणी निर्मळ राहते, शेताला सोने मिळते आणि कोणाला डोक्यावरून मैला वाहावा लागत नाही. गरीब शेतकऱ्यालाही बांधता येतील असे साधे, स्वस्त संडास अप्पासाहेबांनी प्रचारात आणले. ते केवळ उपदेश करीत नसत. हाती खराटा व फावडे घेऊन ते स्वतः सफाई करीत. मेलेली जनावरे सोलण्याचे कामही त्यांनी कमी मानले नाही.

10 मार्च 1971 रोजी अप्पासाहेबांचे निधन झाले. माणसाकडून मैला वाहून घेण्यास बंदी करणारा कायदा देशात 1993 साली झाला. त्याच्या साठ वर्षे आधीच या विद्वान प्राध्यापकाने ते काम, तुरुंगाच्या भिंतींआड, स्वतःच्या हातांनी करू मागितले होते. कोणतेही उपयुक्त काम हलके नसते, हे त्यांचे जीवन आपल्याला शिकविते.