डॉक्टर विल्यम मेयो व त्यांचें बंधुमंडळ

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आपल्या शाळेंतून बाहेर पडणारे कांहीं विद्यार्थी पुढें वैद्यकाच्या, कायद्याच्या किंवा स्थापत्याच्या अभ्यासाकडे वळतात. परक्या शहरांत वसतिगृहाच्या खोलींत बिछाना टाकल्यावर त्यांना जो पहिला प्रश्न पडतो तो पुस्तकांचा नसून सोबत्यांचा असतो. एकाच विद्येचे उपासक एकत्र जमले म्हणजे परस्परांच्या संगतीनें त्यांचें ज्ञान वाढतें. पण त्याच संगतींतून कंपूही तयार होतो व बाहेरच्यांसाठीं दार बंद होतें. ह्या दोहोंपैकीं काय घडावयाचें, हें सर्वस्वीं त्या मंडळींच्या वृत्तीवर अवलंबून असतें. ह्याचा चांगला पडताळा एका थोर अमेरिकन शस्त्रवैद्याच्या चरित्रांत पाहावयास मिळतो. त्याचें नांव डॉक्टर विल्यम जेम्स मेयो.

विल्यम ह्यांचा जन्म २९ जून १८६१ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा संस्थानांत, ल सूर नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील विल्यम वॉरल मेयो हे मूळचे इंग्लंडांतले. मँचेस्टर शहराजवळ १८१९ सालीं जन्मलेला हा मनुष्य ऐन तारुण्यांत समुद्र ओलांडून अमेरिकेंत आला व तेथें डॉक्टर झाला. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां १८६३ सालीं सैन्यांत घ्यावयाच्या माणसांची शरीरपरीक्षा करण्याच्या कामावर त्यांची नेमणूक रॉचेस्टर ह्या गांवीं झाली, आणि तेंच पुढें मेयो कुटुंबाचें कायमचें गांव झालें. तेथें १८६५ सालीं धाकटा मुलगा चार्ल्स जन्मास आला. वडिलांची ज्ञानलालसा इतकी कीं, चांगलें सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेण्यासाठीं त्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें. आई लुईझ हिला ताऱ्यांचा व वनस्पतींचा नाद होता. मुलें वडिलांच्या घोडागाडींत बसून दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या घरीं जात, रोग्यांची विचारपूस ऐकत, आणि मोठीं झाल्यावर शस्त्रक्रियेच्या वेळीं हाताखालीं उभीं राहत. वैद्यकाचे पहिले धडे त्यांना अशा रीतीनें घरींच मिळाले.

१८८० सालीं विल्यम मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाले. ही शाळा अ‍ॅन आर्बर गांवीं आहे. तो काळ वैद्यकाच्या इतिहासांत मोठ्या उलथापालथीचा होता. जखम चिघळण्याचें कारण सूक्ष्म जंतु होत, हें लिस्टर ह्यांचें मत कांहीं डॉक्टर मानीत व कांहीं हंसण्यावारी नेत. अशा वेळीं विद्यार्थ्यांपुढें रोज नवा वाद उभा राहत असे, आणि त्याचा निकाल केवळ व्याख्यानें ऐकून लागण्यासारखा नव्हता.

अमेरिकेंतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारीं विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें फार दिवसांपासून होतीं. त्यांतलें पहिलें १७७६ सालीं व्हर्जिनिया प्रांतांत स्थापन झालें. तेथील लोक अशा मंडळास फ्रॅटर्निटी म्हणतात. त्यांपैकीं बहुतेकांत कोणत्याही विषयाचा विद्यार्थी येऊ शके. स्नेह, भोजन व गप्पागोष्टी हा त्यांचा मुख्य उद्देश असे. पण एकाच धंद्याचा अभ्यास करणाऱ्यांनीं आपलें निराळें मंडळ काढावें, ही कल्पना हळूहळू पुढें आली. ह्याच मिशिगन विद्यापीठांत कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं १८६९ सालीं फाय डेल्टा फाय नांवाचें मंडळ काढलें होतें. त्यानंतर तेरा वर्षांनीं, २ मार्च १८८२ रोजीं, वैद्यकाच्या मूठभर विद्यार्थ्यांनीं नू सिग्मा नू हें आपलें मंडळ स्थापन केलें. त्या संस्थापकांत वीस वर्षांचे विल्यम मेयो हे एक होते. त्याच महिन्याच्या २४ तारखेस तिकडे बर्लिन शहरीं रॉबर्ट कॉख ह्यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. विद्या अशी झपाट्यानें पुढें धांवत असतां, जो एकटा वाचीत बसेल तो मागें राहील हें उघड होतें. दहाजणांनीं वाचून एकमेकांस सांगितलें तरच तिच्याबरोबर चालतां येण्यासारखें होतें.

तथापि अशा मंडळांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डॉक्टरांचें एक बंधुमंडळ ह्यापूर्वींही होऊन गेलें होतें. केंटकी प्रांतांत लेक्सिंग्टन येथें डॉक्टर सॅम्युएल ब्राउन ह्यांच्या पुढाकारानें १८१९ च्या सुमारास काप्पा लॅम्डा नांवाचें मंडळ निघालें. वैद्यांतील भांडणें मिटावीं व धंद्याची नीति उंचावावी हा त्याचा हेतु होता. पण पुढें न्यूयॉर्कमधील त्याच्या शाखेवर, रुग्णालयांतील मानाच्या जागा गुप्तपणें आपसांत वांटून घेतल्याचा आरोप आला, आणि मंडळाची अब्रू गेली. नव्या मंडळांतही एक उणीव होतीच. मिशिगनच्या वैद्यकीय शाळेंत १८७० पासून स्त्रियांस प्रवेश मिळत असूनही बंधुमंडळाचें दार त्यांना मोकळें नव्हतें. शेवटीं तेथील विद्यार्थिनींनीं १८९० सालीं अल्फा एप्सिलॉन आयोटा हें आपलें स्वतंत्र भगिनीमंडळ काढलें. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या निराळ्या महाविद्यालयांतून, हें वाचकांस स्मरत असेलच. बंधुत्व हा शब्द मोठा खरा, परंतु त्यांत कोणाकोणाचा समावेश करावयाचा ह्यावरच त्याची किंमत ठरते.

१८८३ सालीं पदवी घेऊन विल्यम रॉचेस्टरला परतले. दोन महिनेही झाले नसतील, तोंच २१ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं गांवावर भयंकर चक्रवात येऊन कोसळला. उत्तरेकडील वस्ती भुईसपाट झाली. तीसांहून अधिक माणसें मेलीं व सुमारें दोनशें जखमी झालीं. गांवांत रुग्णालय असें नव्हतेंच. नाचाच्या दिवाणखान्यांत बिछाने घालून मेयो पितापुत्र व गांवांतील इतर डॉक्टर रात्रंदिवस खपले. शुश्रूषेस माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां संत फ्रान्सिसच्या पंथांतील धर्मभगिनी मदतीस धांवल्या. त्यांचें काम मुलांना शिकविण्याचें. रोग्यांच्या सेवेचें शिक्षण त्यांना कोणीं दिलें नव्हतें. संकट टळल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड ह्यांनीं वृद्ध डॉक्टरांपुढें गोष्ट काढली कीं, येथें एक रुग्णालय बांधावें. बांधण्याचा भार भगिनी उचलतील, रोग्यांचा भार डॉक्टरांनीं उचलावा. एवढ्याशा गांवांत रुग्णालय चालणार नाहीं असें डॉक्टरांना वाटत होतें. मदर आल्फ्रेड मात्र हटल्या नाहींत. भगिनींनीं सहा वर्षें पोटास चिमटा घेऊन पैसा सांठविला, आणि ३० सप्टेंबर १८८९ रोजीं सेंट मेरीज रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया झाली. धाकट्या चार्ल्सनें शस्त्र चालविलें, विल्यमनें साहाय्य केलें व सत्तर वर्षांच्या पित्यानें गुंगीचें औषध दिलें.

हें रुग्णालय रोमन कॅथलिक भगिनींचें, व मेयो कुटुंब त्या पंथाचें नव्हे. त्या काळीं पंथापंथांतील तेढ फार तीव्र होती, आणि गांवांत कांहीं वर्षें दुसरें प्रतिस्पर्धी रुग्णालयही चाललें. तरी मेयोबंधूंनीं भगिनींची साथ सोडली नाहीं. सिस्टर जोसेफ डेम्प्सी ही विल्यम ह्यांच्या शेजारीं उभी राहून शस्त्रक्रियेंत मदत करी. १८९२ पासून तर सगळ्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याच हातीं आली. बेंबीजवळ येणारी एक गांठ ही पोटांतील कर्करोगाची खूण असते, हें तिच्या चाणाक्ष नजरेनें टिपलें. वैद्यकाच्या ग्रंथांत ती गांठ आजही तिच्याच नांवानें ओळखली जाते. अ‍ॅलिस मगॉ नांवाच्या परिचारिकेनें ईथर देण्यांत इतकें नैपुण्य मिळविलें कीं, चौदा हजारांहून अधिक रोग्यांस गुंगी देऊनही त्या औषधापायीं एकही दगावला नाहीं, असा वृत्तांत तिनें १९०६ सालीं प्रसिद्ध केला. विद्यार्थिदशेंतील मंडळांत स्त्रियांस स्थान नव्हतें. पण विल्यम ह्यांचें पुढचें सारें यश अशा स्त्रियांच्या हातांवर उभें राहिलें, हें विसरून चालणार नाहीं.

दोघे भाऊ स्वभावानें भिन्न. विल्यम गंभीर, शिस्तीचे व दूरदृष्टीचे. चार्ल्स विनोदी व लोकांत मिसळणारे. पण बँकेंत दोघांचें खातें एकच, आणि कोणी किती काढले ह्याचा हिशेब कधीं झाला नाहीं. आळीपाळीनें एकानें काम पाहावें व दुसऱ्यानें प्रवास करून इतर शस्त्रवैद्यांचें कौशल्य पाहून यावें, असा त्यांचा क्रम असे. पुढें उलट ओघ सुरू झाला व देशोदेशींचे शस्त्रवैद्य रॉचेस्टरला येऊं लागले. ह्या पाहुण्यांनीं तेथें आपलें एक मंडळच काढलें. सकाळीं शस्त्रक्रिया पाहावी व नंतर एकत्र बसून पाहिलेल्या गोष्टींची मोकळेपणानें चर्चा करावी, असा त्यांचा नेम होता. मेयोबंधूंनीं आपली कोणतीही युक्ति झांकून ठेविली नाहीं. एकामागून एक तज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांपैकीं डॉक्टर हेन्री प्लमर ह्यांनीं १९०७ सालीं अशी पद्धत घातली कीं, एका रोग्याची सर्व माहिती एकाच कागदपत्रांत राहावी व प्रत्येक डॉक्टरास ती पाहतां यावी. आज सर्वत्र रूढ असलेली ही गोष्ट त्या वेळीं नवी होती. तोंवर प्रत्येक डॉक्टर आपली टिपणवही आपल्यापाशींच ठेवी.

१९१० सालीं शिकागोच्या रश वैद्यकीय महाविद्यालयांत पदवी घेणाऱ्या तरुणांपुढें विल्यम ह्यांनीं जें भाषण केलें, त्यांत ह्या सर्वांचें सार आलें आहे. रोग्याचें हित हेंच एकमेव हित होय. विद्या आतां इतकी विस्तारली आहे कीं एका मनुष्यास ती आटोपणार नाहीं. म्हणून रोग्यासाठीं सर्वांनीं एकत्र यावें, हा त्यांचा विचार होता.

खरी कसोटी पुढेंच होती. तरुण डॉक्टरांस उच्च शिक्षण मिळावें म्हणून १९१५ सालीं बंधूंनीं पंधरा लाख डॉलर वेगळे काढून एक प्रतिष्ठान स्थापलें व तें मिनेसोटा विद्यापीठाशीं जोडण्याचें ठरविलें. त्यावर संस्थानांतील पुष्कळ डॉक्टरांनीं गहजब केला. हा दानाचा देखावा असून मेयोंना विद्यापीठाचें नांव आपल्या धंद्यासाठीं वापरावयाचें आहे, असा त्यांचा आक्षेप. एकेकाळीं काप्पा लॅम्डावर आला तसाच हा स्वार्थी कंपूचा आरोप होता. मार्च १९१७ मध्यें विल्यम स्वतः विधिमंडळापुढें उभे राहिले. हा पैसा लोकांकडूनच आला, तो लोकांकडेच परत गेला पाहिजे, असें त्यांनीं साध्या शब्दांत सांगितलें. विरोधकांचा बेत फसला व जोडणी कायम झाली. पण केवळ शब्दांवर ते थांबले नाहींत. १९१९ सालीं दोघा बंधूंनीं इमारती, उपकरणें व सांठविलेल्या धनाचा बहुतेक भाग एका सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन केला. तेव्हांपासून तेथील डॉक्टर ठराविक वेतनावर काम करूं लागले; संस्थेच्या नफ्यांत कोणाचाच वांटा राहिला नाहीं. आरोपाला ह्याहून चोख उत्तर कोणतें असूं शकेल?

हातांत कौशल्य कायम असतांनाच, १९२८ सालीं सदुसष्टाव्या वर्षीं विल्यम ह्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें. हात कांपूं लागण्याची वाट त्यांनीं पाहिली नाहीं. १९३८ मध्यें त्यांनीं व पत्नी हॅटी ह्यांनीं आपला राहता वाडाही प्रतिष्ठानास दिला, तो डॉक्टरांनीं एकत्र जमून विचारविनिमय करावा म्हणून. विसाव्या वर्षीं सोबत्यांसह बंधुमंडळ काढणाऱ्या तरुणानें वृद्धपणीं आपलें घरच बंधुत्वासाठीं मोकळें केलें. १९३९ सालच्या मार्चमध्यें सिस्टर जोसेफ वारल्या, २६ मे रोजीं चार्ल्स गेले, आणि २८ जुलै रोजीं विल्यम ह्यांनींही देह ठेविला. ज्या जठराच्या कर्करोगावर त्यांनीं जन्मभर शस्त्र चालविलें, त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

नू सिग्मा नू मंडळाच्या शाखा अनेक वैद्यकीय शाळांत पसरल्या, व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीं बंधुमंडळें ओसरलीं. रॉचेस्टरची संस्था मात्र उभी आहे. एकट्या त्या विद्यार्थिमंडळानें मेयोंना घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पिता, बंधु, धर्मभगिनी व सहकारी ह्या सर्वांचे हात त्या कामास लागले होते. परंतु तरुणपणीं जोडलेल्या संगतीचें पुढें काय करावें, हें त्यांच्या आयुष्यावरून कळतें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही उद्यां कोठें तरी मंडळें काढाल. शिकलेलें आपसांत वांटा, पण तें आपसांतच ठेवूं नका; आणि मंडळाची बैठक भरेल तेव्हां दार लोटलेलें आहे कीं उघडें आहे, हें एकदां उठून पाहत जा.