लेवी उठला, टिळक उठले… आणि घर?

आजचं वचन : लूक ५:२७-३२

लेवी जकातीच्या नाक्यावरून उठला आणि येशूच्या मागे निघाला. आमच्या आयटीत राजीनाम्यानंतरही नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. लेवीने तोही मागितला नाही! पण त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल? हा प्रश्न मनात आला की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

१८६१ साली कोकणात जन्मलेले टिळक चित्पावन ब्राह्मण, विद्वान आणि कवी होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. वाचत वाचत टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हाक टिळकांना आली, पण तिची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. नवरा असून संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू, आणि लोकांची बोलणी वेगळीच. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षं चालली. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई स्वतः विचार करत, स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच घरात मग दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा मिळाला.

लेवीनेही सगळं सोडल्यावर पहिली गोष्ट केली ती घरी मेजवानी! ज्यांना कुणी पंक्तीला घेत नव्हतं, ते येशूसोबत जेवायला बसले. म्हणजे हाक घरातून उठवते आणि त्याच घराचं दारही उघडते.

टिळकांना हाक पुन्हा आली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा सगळ्यांसाठी. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूघरी गेले. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं ते लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी त्याच हाकेने त्यांचा संसार मोडला होता!

लेंटमध्ये आपण चहा सोडतो, मटण सोडतो, इन्स्टाग्राम सोडतो. चांगलंच आहे. पण आज एवढंच तपासू या : माझ्या भक्तीचा भार घरात कोण उचलतंय? माझ्या उपवासाने माझी चिडचिड वाढते की माझं दार उघडतं? आणि जो अजून माझ्यासोबत चालत नाही, त्याच्यासाठी थांबायची माझी तयारी आहे का?

प्रार्थना : प्रभू येशू, तू हाक मारशील तेव्हा उठायचं बळ दे. माझ्या माणसांना तुझ्याकडे ओढत नेण्याऐवजी त्यांच्यासाठी थांबायला शिकव. आमच्या घरी जेवायला ये. आमेन.