विश्लेषण : मराठी रंगभूमीचे ‘स्टार’ केशवराव भोसले कोण होते? त्यांच्यामागे ‘ललितकलादर्श’ कशी टिकली?

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. अवघी ३१ वर्षे जगलेल्या या गायक-नटाचे कोल्हापूरला एवढे अप्रूप का?

शारदेने दिली ओळख

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. लहानपणीच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’मधील शारदेच्या भूमिकेने पोरवयातच त्यांचे नाव झाले. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीची ती कथा. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, ही त्यांची मोठी ताकद होती.

१७ व्या वर्षी स्वतःची मंडळी

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही संगीत नाटक मंडळी उभी केली. तेव्हाची मंडळी म्हणजे गावोगाव फिरणारा संसारच. गायक, साथीदार, पडदे, कपडे, मुदपाकखाना, सगळे सोबत. आजच्या बँडप्रमाणेच मुख्य गायकाच्या नावावर तिकिटे खपत. प्रयोग पडला, तर साऱ्यांच्याच पोटाचा प्रश्न.

जुन्या यशावर विसंबून राहणे सोपे होते. केशवरावांनी नवे नाटककार शोधले. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि हुंड्यावर बोट ठेवणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ ही नाटके ‘ललितकलादर्श’ने रंगमंचावर आणली. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या पडद्यांनी मंडळीचे नेपथ्यही गाजले.

‘संयुक्त मानापमान’ : शिखर

बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि ‘ललितकलादर्श’ या प्रतिस्पर्धी मंडळ्या. दोन्हीकडच्या चाहत्यांत श्रेष्ठ कोण, यावरून वाद झडत. टिळक स्वराज्य फंडासाठी मात्र दोघे एकत्र आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, तर केशवराव धैर्यधर. स्त्री-भूमिकांनी नाव कमावलेला नट आता नायक म्हणून बालगंधर्वांसमोर उभा होता. हा प्रयोग मराठी रंगभूमीवर अजूनही दंतकथेसारखा सांगितला जातो.

८८ दिवसांनी शेवट

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. विषमज्वराने ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. मुख्य गायकच गेल्यावर मंडळी मोडणार, असे वाटण्याजोगीच वेळ होती. पण मंडळीतलेच बापूराव पेंढारकर पुढे आले. १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आले. नंतरच्या काळात बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ‘ललितकलादर्श’चा वारसा चालवला. मंडळीचा डोलारा एकट्याच्या गळ्यावर न ठेवता लेखक, नट आणि चित्रकारांची फळी बांधली, हीच केशवरावांची खरी कमाई.

नाट्यगृहाला नाव कसे मिळाले?

खासबाग कुस्ती मैदानाला लागून असलेले हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. १९१५ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा नाव होते पॅलेस थिएटर. पुढे त्याला केशवरावांचे नाव देण्यात आले. म्हणूनच आगीची बातमी कळताच कोल्हापूरकर हळहळले. जळाली ती इमारत असली, तरी नाव त्यांच्या घरच्या माणसाचे होते.