मंथरेचा डोळा

घरात सासू कजाग निघाली की तिला ‘ललिता पवार’ म्हणायची रीत मराठी घरांत जुनी आहे. पण येवल्याची ही मुलगी पडद्यावर सासू म्हणून आली नव्हती. जन्म १८ एप्रिल १९१६चा, माहेरचे नाव अंबा. मूकपटांच्या काळात ती बालनटी होती, पुढे नायिका झाली, आणि ऐन बाविशीत, १९३८ साली, टॉल्स्टॉयच्या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ची निर्मिती करण्याचे धाडसही तिने केले.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात तिला थप्पड बसते असा प्रसंग होता. मारणारा नट भगवान, ‘अलबेला’वाला, जन्माने आमच्या अमरावतीचा. हात भलताच जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. उपचार तीनेक वर्षे चालले. चेहरा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. वय अवघे सव्वीस, आणि नायिकेची कामे संपली.

मग तिने चरित्रभूमिका धरल्या. ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई, ‘दहेज’मधली सासू. तो डोळा तिने लपवला नाही, कामाला लावला.

१९८७ साली माझी बँकेची नेमणूक चिखलदऱ्याला होती. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की टीव्ही असलेल्या घरी सारा शेजार जमे. धुक्यात कोणीतरी अँटेना फिरवत असे. मंथरा दिसली की आयाबाया कडाकडा बोटे मोडत, आणि ती त्या डोळ्याच्या नावाने! द्रौपदीवर पाय उगारणाऱ्या कीचकाला भीमाने ज्या दरीत फेकले म्हणतात, ती तिथून जवळच. इथे मात्र ना कीचक होता, ना भीम. नुसता चुकून बसलेला हात. एका रविवारी मी थपडेची हकीकत सांगितली. बायका हळहळल्या, एकीने डोळ्यांना पदर लावला. पुढच्या रविवारी मंथरा आली आणि बोटे पुन्हा मोडली गेली. बाईंच्या अभिनयाला याहून मोठी पावती मी पाहिलेली नाही.

तरी फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले ते खाष्टपणासाठी नव्हे. ‘अनाडी’तली (१९५९) मिसेस डिसा भाडेकरू राज कपूरवर सतत करवादते आणि पोटच्या पोरासारखी माया करते. त्याआधी ‘श्री ४२०’मधली केळेवालीही तशीच. डोळा तोच, जरासा मिटलेला. पण इथे तो लबाड वाटत नाही, काहीतरी गोड गुपित राखून असल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर मंथरेपेक्षा हे काम अवघड होते. मंथरेला तो डोळा आयता मिळाला होता. मिसेस डिसाला प्रेक्षकांची अढी आधी मोडावी लागली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. भगवानदादा चार वर्षांनी, २००२ साली. रस्त्यावर त्यांच्या गाण्यांवर नाचणारी माणसे पुष्कळ होती, पण अखेरचे दिवस त्यांनी दादरच्या चाळीत काढले.